गॅरंटी संपायच्या आत

मुकुंदरावांच्या घरातली एकही वस्तू आजवर गॅरंटीत मोडली नव्हती, आणि हेच त्यांचं खरं दुःख होतं.

प्रेशर कुकरची गॅरंटी ज्या दिवशी संपली, त्याच दिवशी त्याची शिट्टी उडाली ती थेट समोरच्यांच्या पोपटाच्या पिंजऱ्यात. पोपटाला काही झालं नाही, पण पुढे जन्मभर तो सकाळच्या वेळी तीन शिट्ट्या मारून सगळ्या गल्लीला वरण शिजल्याची वर्दी देत राहिला. छताचा पंखा थांबायला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटायला एकच गाठ पडली होती. फार काय, दाताच्या डॉक्टरनं कवळी बसवताना "आता दोन वर्षं बघायचं काम नाही" असं आपलं बोलण्याच्या ओघात म्हटलं होतं. दोन वर्षं पुरी झाली त्या संध्याकाळी मुकुंदराव साधं पाणी पीत होते, तर कवळीचा पुढचा दात निखळून पेल्यात पडला आणि तळाशी जाऊन त्यांच्याकडे बघून हसला.

तेव्हापासून त्यांचं ठाम मत होतं, की वस्तूला कॅलेंडर कळतं. स्वस्त वस्तूला जवळचं कळतं, महागाला लांबचं कळतं, फरक एवढाच.

हे मत काही रिकाम्या डोक्यातून आलेलं नव्हतं. त्यांची उभी नोकरी एका सरकारी कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्यात गेली. तयार मालाच्या ढिगातून एक नमुना उचलायचा, यंत्रात धरायचा आणि तो मोडेपर्यंत ताण देत राहायचा. कडकन मोडला, की टिकाऊपणा कळला. मोडल्याशिवाय कळत नाही, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. पुढे देशाचे दरवाजे उघडले, बाहेरचा माल आला, तसा खुद्द कारखान्यालाच कुणीतरी यंत्रात धरून ताण देऊन पाहिला. तो मोडला. मुकुंदराव मुदतीआधी निवृत्तीचा कागद आणि एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन अंबरपेठच्या घरी परतले. घड्याळाला गॅरंटी नव्हती, म्हणून ते चालू होतं.

त्या निवृत्तीच्या पैशातूनच त्यांनी सुनेला, चारुलताला, लॅपटॉप घेऊन दिला होता. तिनं नुकतंच एक काम शिकून घेतलं होतं. अमेरिकेतले डॉक्टर रोग्याला तपासून झालं की यंत्रात बोलून ठेवत, आणि ते बोलणं कानाला लावून चारू इकडे टाइप करून पाठवी. तिकडे रात्र सरून दवाखाने उघडायच्या आत, म्हणजे आपल्याकडच्या संध्याकाळपर्यंत, कागद पोचला पाहिजे.

लॅपटॉप घ्यायला गेले तेव्हा मुकुंदरावांनी दुकानातला एकेक नग उचलून मडकं वाजवतात तसा बोटाच्या पेरानं वाजवून पाहिला होता. दुकानदार म्हणाला, "अंकल, तरबूज नहीं है." मुकुंदरावांनी लक्ष दिलं नाही. सगळ्यात जड, सगळ्यात महाग आणि तीन वर्षांची गॅरंटी असलेला त्यांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर घरी आणला. त्याची किंमत ऐकून त्यांचा मेहुणा हिम्मतराव म्हणाला होता, "दाजी, एवढ्यात आमच्या गौलीगुड्यात म्हशींचा गोठा उभा राहिला असता. आणि म्हशीला पाच वर्षं बघायचं काम नाही."

आता तिसरा दसरा तोंडावर आला होता. आणि लॅपटॉप, मेला, ठणठणीत होता.

एकेक दिवस सरे तसे मुकुंदराव कॅलेंडरपुढे जास्त जास्त वेळ उभे राहू लागले. मुलगा प्रशांत ज्या कॉम्प्युटर कंपनीत होता ती बसली होती, आणि तो नोकरीच्या शोधात बेंगळूरला मित्राच्या खोलीवर पडून होता. घर चालत होतं ते त्या काळ्या डब्यावर. तो गॅरंटी संपल्यावर मोडला तर दुरुस्तीला हात घालायची ताकद नव्हती, आणि काम तर थांबणारच नव्हतं. मागच्या गल्लीतली भामा हेच काम करायची. तिचं मशीन दोन दिवस बंद पडलं. काम देणाऱ्यांनी तिच्या फायली दुसरीला दिल्या, आणि त्या परत काही आल्या नाहीत. आता भामा पहिली-दुसरीच्या पोरांना पाढे शिकवत होती.

"मोडणार तर आहेच," एका सकाळी मुकुंदराव बायकोला, सावित्रीबाईंना म्हणाले. "मग आत्ता मोडलेला काय वाईट? गॅरंटीत मोडला तर नवीन सामान घालून देतील. आणखी तीन वर्षांची निश्चिंती."

सावित्रीबाई कोथिंबीर निवडत होत्या. "चालत्या गाडीला खीळ घालायची ही कुठली रीत? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

"मी कुठं मोडतोय? ताण देऊन बघतोय फक्त. चांगला असेल तर टिकेल."

"अन् टिकला तर?"

टिकला तर मुकुंदरावांना झोप येणार नव्हती, एवढं नक्की.

चारू भल्या पहाटे उठून कामाला बसे आणि दुपारी जेवून दोन तास आडवी होई. तेवढी वेळ साधून मुकुंदरावांनी लॅपटॉप भाजीच्या पिशवीत घातला, वर पालकाची जुडी ठेवली आणि गौलीगुड्याची सिटी बस पकडली. जागा मुद्दाम मागच्या चाकावरची. त्या जागेची अंबरपेठेत ख्याती अशी, की एका गृहस्थांनी तिथे दुधाची किटली घेऊन प्रवास केला आणि उतरताना त्यांच्या किटलीत वर लोण्याचा गोळा तरंगत होता. मुकुंदराव स्वतः दोनदा टपाला जाऊन टेकले. पिशवी मांडीवरून उडे आणि मांडीवर पडे. प्रत्येक आदळण्याला त्यांच्या काळजात चर्र होई, आणि त्यामागोमाग एक चोरटा दिलासाही वाटे.

हिम्मतरावांचं भांड्यांचं दुकान बस स्टँडाच्या मागे होतं. पातेल्यांच्या उतरंडीमागे त्यांचाही लॅपटॉप होता. कुणाकडून, किती वेळा वापरून झालेला, देवाला ठाऊक. गॅरंटी नाही, कागद नाही. झाकणाची एक बिजागरी तुटलेली, म्हणून पडदा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं मागच्या खिळ्याला बांधला होता. इंग्रजी 'ई'चं बटण निघून गेलं होतं, तिथे हिम्मतरावांनी चिंचोका चिकटवला होता. ह्याच यंत्रावर एकदा उकळता चहा सांडला, तेव्हा त्यांनी ते उपडं करून चहा परत कपात काढला आणि गिऱ्हाईकाला पाजला, असं ते स्वतः सांगत.

"काढा बघू तुमची महाराणी," हिम्मतराव म्हणाले.

मुकुंदरावांनी बटण दाबलं. लॅपटॉप छान गाणं म्हणत उघडला. पडद्यावर ओरखडासुद्धा नाही.

"चालू आहे," मुकुंदराव खचलेल्या आवाजात म्हणाले.

"चालू आहे तर तोंड कायकू असं?"

मुकुंदरावांनी सगळं सांगितलं. हिम्मतराव डोकं खाजवत राहिले. "दाजी, तुमचा महाग आहे म्हणून तुम्ही त्याची नाडी धरून बसता. माझा फुकटातला आहे, मी त्याला विचारतच नाही कसा आहेस. म्हणून त्यालाही आजारी पडायला सुचत नाही."

"तुझा चालतोय तो योगायोग."

"हौ. अन् योगायोगाला गॅरंटी लागत नाही, बघा."

घरी परतल्यावर मुकुंदरावांनी हार मानली असती, पण दुसऱ्या दिवशी सावित्रीबाईंनी त्यांना ज्वारी दळून आणायला सांगितली. उमाजीची चक्की चालू झाली, की शेजारच्या घरातल्या फोटोंमधली माणसं मान हलवतात, असं लोक म्हणत. मुकुंदरावांच्या डोळ्यांपुढे कारखान्यातलं हादरे देणारं यंत्र उभं राहिलं. ते चक्कीच्या दारातूनच परत घरी गेले. चारू झोपली होती.

चक्कीत ते चालू लॅपटॉप घेऊन दाण्याच्या पेटीच्या फळीवर ठेवायला लागले, तसा उमाजीनं पट्टा सरकवता सरकवता विचारलं, "काका, हे बी दळायचं का? बारीक का जाडं?"

"नुसतं ठेवतोय. तू तुझं काम कर."

सगळी ज्वारी दळून होईपर्यंत लॅपटॉप त्या फळीवर थडथड थडथड नाचत होता. वरून पांढरं पीठ भुरभुरत होतं. मुकुंदराव डोळे मिटून उभे राहिले. कारखान्यात नमुना मोडायच्या आधी एक बारीक कुरकुर ऐकू येई, तिची ते वाट बघत होते. ती काही आली नाही. पीठ डब्यात, लॅपटॉप पिशवीत, आणि दोन्ही ऊन ऊन, असे ते घरी आले. धोतराच्या सोग्यानं त्यांनी लॅपटॉप पुसला आणि जागच्या जागी ठेवून दिला. रात्री त्यांनी ठरवलं, आता बस्स. दैवावर सोडायचं.

दैव सकाळीच आलं.

चारू कामाला बसली होती. आतून घरघर ऐकू आली, म्हातारा माणूस झोपेत घोरतो तशी. मग पडदा काळा झाला. चारूनं परत चालू केला. थोडा वेळ चालला, तापला, पुन्हा काळा. "आई," तिनं हाक मारली, आणि त्या हाकेत असं काही होतं, की सावित्रीबाई आणि मुकुंदराव दोघंही हातातलं टाकून धावले.

"खूप तापतोय. आपोआप बंद होतोय," चारू म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "संध्याकाळपर्यंत एका बाईच्या हृदयाच्या ऑपरेशनचा रिपोर्ट जायचाय. तिकडं सकाळ झाली की त्यावर बघून गोळ्या देणार आहेत तिला."

ज्या क्षणाची मुकुंदराव इतके दिवस वाट पाहत होते तो आला होता. पण त्यांच्या हिशोबात गॅरंटी होती, अमेरिकेतली बाई नव्हती.

"घाबरू नको," ते उसनं अवसान आणून म्हणाले. "गॅरंटीत आहे. आजच जाऊ. उद्यापासून दसऱ्याची सुट्टी लागेल, आज सर्व्हिस सेंटर उघडं आहे."

चारूनं बॅग भरली. डॉक्टरांचं बोलणं ती रोज सीडीवर काढून ठेवायची, ती सीडी आणि कानाचे फोन तिनं पर्समध्ये टाकले. मुकुंदरावांना तेव्हा कळलं नाही कशासाठी.

हिमायतनगरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सगळं शहर लोटलं होतं. सणाच्या आधी आपापलं बिघडलेलं आणून टाकायला जो तो आला होता. आत टेबलाशी सुजाता नावाची इंजिनीअर होती. मुलगी मराठीच होती, पण बोलताना तेलुगूवर घसरायची. तिनं लॅपटॉप पालथा घातला, छोट्या पेचकसानं खालचं झाकण काढलं आणि थांबली. मग बोट आत घालून बाहेर काढलं. बोटाचं टोक पांढरं झालं होतं. तिनं वास घेतला.

"काका, हे पीठ आहे."

मुकुंदरावांच्या कानशिलावरून घामाची धार लागली.

"ज्वारीचं," सुजाता म्हणाली. "आमच्या घरी रोज भाकरी असते, मला वास कळतो. पंख्यात गच्च भरलंय. लॅपटॉपात ज्वारीचं पीठ कसं काय आलं?"

चारूनं एकदा सासऱ्यांकडे पाहिलं आणि मग सुजाताला म्हणाली, "आमच्याकडं ज्वारी फार खातात."

"मशीनसुद्धा खातं का?" सुजाता हसली, पण लगेच गंभीर झाली. "मशीन चांगलं आहे हो. दुसरं असतं तर ह्याच्यात वारलं असतं. पंखा खोलून साफ करावा लागेल. पण बाहेरचं काही आत गेलं की कंपनी गॅरंटी धरत नाही. मला तसं लिहावं लागेल. आजपासून गॅरंटी बंद."

"पण अजून मुदत आहे," मुकुंदराव कसेबसे म्हणाले.

"होती, काका."

"साफ केल्यावर किती टिकेल मग?"

"ते मी कसं सांगू? पाच वर्षं जाईल, पाच दिवस जाईल. महाग आहे, अंग मजबूत आहे, पण पीठ दळायचं मशीन नाही ना ते." ती जीभ चावून पुढे म्हणाली, "आणि आज होणार नाही. दसरा झाल्यावर या."

बाहेर रस्त्यावर मुकुंदरावांना ऊन दिसेना. वस्तू मोडायच्या आत गॅरंटीच मोडली होती, तीही त्यांच्या हातानं. "चारू," ते म्हणाले, "मला जरा तुझ्याशी बोलायचंय."

"मामंजी, काल संध्याकाळपासून त्या लॅपटॉपला चक्कीचा वास येतोय," चारू रिक्षाला हात करत म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण तिनं त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. "ते आपण नंतर बोलू. आधी रिपोर्ट. गौलीगुडा चलो भैया, जल्दी."

हिम्मतरावांच्या दुकानात सणाची गर्दी होती. चारूनं दोन वाक्यांत सांगितलं. हिम्मतरावांनी गिऱ्हाईकाच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि म्हणाले, "ताई, जरा थांबा, आमच्या पोरीचं काम आहे." त्यांनी दुकानाच्या फोनची तार काढून इंटरनेटसाठी आपल्या लॅपटॉपला लावली. सणाच्या दिवशी दुकानाचा फोन बंद ठेवणं म्हणजे काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर एकदाच येऊन गेलं.

मुकुंदराव यंत्राकडे बघत उभे होते. कागद नसलेलं, नाव पुसलेलं, ट्यूबनं बांधलेलं. ह्याच्यावर. आख्खं घर. आणि ती तिकडची बाई. कारखान्यात असा नमुना आला असता तर त्यांनी यंत्रात धरायचेसुद्धा कष्ट घेतले नसते.

"हे चालेल का?" त्यांनी हळूच विचारलं.

"आजवर तरी चाललंय," हिम्मतराव म्हणाले. "विचारू नका तेवढं. त्याला ऐकू जातं."

चारूनं पर्समधली सीडी आत सरकवली, कानाचे फोन लावले आणि टाइप करायला लागली. इंग्रजीत 'ई' फार. चिंचोका दर दुसऱ्या शब्दाला टक् करून वाजत होता. मुकुंदराव प्रत्येक टक्‌ला डोळे मिटत होते. चिंचोका उडाला तर? पडदा काळा झाला तर? वीज गेली तर? मागे हंड्या-कळशा घेणाऱ्या बायका घासाघीस करत होत्या, कुणीतरी तांब्या वाजवून पाहत होतं, आणि त्यांना वाटत होतं, सगळ्या गौलीगुड्यानं जरा श्वास रोखून धरावा.

रिपोर्ट निम्म्यावर आला, तेव्हा फट् असा आवाज झाला.

सायकलची ट्यूब तुटली. पडदा मागे कोसळायला लागला. त्याच्या मागून येणारी एकच बारीक तार ताणली गेली आणि अक्षरं थरथरून फिकी झाली.

मुकुंदरावांचा हात कधी पुढे गेला, त्यांनाही कळलं नाही. दोन्ही पंजांनी त्यांनी पडदा मागून झेलला आणि हळूहळू, कारखान्यात काटा फिरवत तसा, केसाकेसानं उभा करत आणला. एका जागी अक्षरं पुन्हा ठळक झाली. ते तिथेच थांबले.

"आता दिसतंय," चारू म्हणाली. "हलवू नका."

"नाही हलवत."

हिम्मतराव दुसरी पट्टी शोधायला धावले. सणाच्या गर्दीत पातेल्यांखाली ती काही सापडेना. मुकुंदराव वाकलेल्या कमरेनं, दोन्ही हात पुढे करून, पडद्यामागे उभे राहिले. कंबर कळ मारायला लागली. दंड थरथरू लागले. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब जमला आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. उभ्या जन्मात त्यांनी वस्तू मोडायला हात लावला होता. मोडू नये म्हणून किती वेळ धरायची असते, हे त्यांच्या खात्यात कुणी शिकवलं नव्हतं.

गिऱ्हाईक बायका घासाघीस विसरून बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "हे काय चाललंय हो?"

"इन्स्पेक्शन," हिम्मतराव म्हणाले.

चारू टाइप करत राहिली. तिची नजर पडद्यावर होती, पण पडद्याच्या वरच्या काठावरून सासऱ्यांचे डोळे तिला दिसत होते. एक ओळ संपवून ती म्हणाली, "मामंजी, दुखत असेल तर सांगा. मामा धरतील थोडं."

"तू लिही," मुकुंदराव म्हणाले. "किती राहिलं?"

"अजून पान-दीड पान. मग पाठवायला वेळ लागेल, फोन हळू आहे."

"लिही."

हिम्मतरावांना शेवटी एक ट्यूबचा तुकडा सापडला. तो घेऊन ते मागे आले, बांधायला वाकले, आणि मुकुंदरावांनी मान हलवून त्यांना थांबवलं. बांधताना हात काढावा लागला असता, आणि हात काढला की तार सुटली असती. हिम्मतराव तुकडा हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"दाजी," ते हळू आवाजात म्हणाले, "किती वेळ टिकेल असं?"

मुकुंदरावांचा घामाचा थेंब नाकावरून सुटून खाली पडला. त्यांनी पाय जरा फाकवले, पंजे पुन्हा नीट लावले.

"हिला जेवढा वेळ लागेल तेवढा," ते म्हणाले. चिंचोका पुन्हा टक् करून वाजला.